पलंगाखालचा फिल्टर

फडके हे त्यांचं आडनाव नव्हतं. खांद्यावर बारा महिने एक फडकं असायचं, म्हणून खडी क्रशरवरच्या मंडळींनी ते नाव त्यांना चिकटवलं. चिकटलं ते असं, की खरं आडनाव आता फक्त लायसनवर उरलं होतं.

माणूस ट्रक ड्रायव्हर, आणि ट्रकचा मालकही तोच. धंदा खडी आणि दगडाची पूड वाहायचा. म्हणजे जगात जेवढी म्हणून धूळ आहे तिच्याशी रोजचं उठणं-बसणं. आणि स्वभाव असा, की चहा पिण्याआधी कपाचा कान पुसून घ्यायचे. दिवसभर धूळ खायची आणि संध्याकाळभर ती पुसायची, यात आयुष्य निम्मं सरलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याबद्दलही त्यांची काही तक्रार नव्हती.

ट्रक लग्नाआधीचा. बायको घरात आली तेव्हा गाडी दारात उभी होतीच, म्हणून ती गाडीला 'थोरली' म्हणायची. "झाली का थोरलीची आंघोळ? मग धाकटीला आता बादलीभर पाणी मिळेल का?" असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची. फडके लाजायचे आणि पाण्याची नळी तिच्या हातात द्यायचे.

थोरली जुन्या बांधणीची. काही बिघडलं तर डॅशबोर्डवर दिवा लागेल, असली सोय तिच्यात नव्हती. जे काय कळायचं ते कानाने, नाकाने आणि बोटाने. केबिनच्या मागे उंच पाइप होता. हवा त्यातून खाली यायची ती पत्र्याच्या एका पिंपात. पिंपात घड्याघड्यांच्या कागदाचा फिल्टर, आणि तिथून जाडजूड रबरी नळीने हवा इंजिनात. पिंपाच्या बुडाला रबराची एक चोच होती. रोज संध्याकाळी फडके ती चिमटीत दाबायचे, की आत साठलेली पूड भुरुभुरु खाली पडायची. झालं. फिल्टरची रोजची सेवा तेवढीच.

तरुणपणी ते रोज फिल्टर बाहेर काढून टायरवर आपटायचे. एका म्हाताऱ्या मिस्त्रीने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, फिल्टर आहे तो, गादी नव्हे! कागदाला एक भोक पडलं की सगळी धूळ इंजिनाच्या पोटात. आणि ऐक, थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगली धूळ अडवतो. त्याला उगाच डिवचू नकोस." खांद्यावर फडकं घेऊन फिरणाऱ्या माणसाने मळकी वस्तू पाहायची आणि हात लावायचा नाही, म्हणजे केवढं व्रत! पण फडक्यांनी ते पाळलं. थोरली काळा धूर सोडायला लागली किंवा चढावर धापा टाकायला लागली, तरच पिंप उघडायचे.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मेहुण्याने भेट आणली.

या मेहुण्याला घरात बारक्या म्हणत. बहिणीच्या लग्नात तो खरोखरच बारका होता. आता दाराच्या चौकटीतून आत येताना त्याला मान वाकवावी लागे आणि खुर्चीवर बसला की खुर्ची कण्हायची, पण नाव काही वाढलं नाही. त्याचा धंदा लाउडस्पीकर आणि साऊंड सिस्टीम भाड्याने देण्याचा. सगळं कसं दणक्यात हवं. मनाने मात्र लोणी. भाऊजींवर त्याचा भारी जीव, आणि तो जीव तो भेटवस्तूंमधून दाखवायचा. एकदा सात सुरांचा हॉर्न आणला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा समोरचा सायकलवाला सायकल सोडून पळाला. एकदा ड्रायव्हरच्या सीटला केसाळ कव्हर आणलं. त्या कव्हरवर बसून भर उन्हात गाडी चालवणं म्हणजे अस्वलाच्या मांडीवर बसण्यासारखं होतं. फडक्यांनी हूं की चूं केलं नाही. बायकोच्या भावाचं मन मोडायचं नाही, असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या रविवारी बारक्या खोकं उघडत म्हणाला, "भाऊजी, डोळे मिटा!"

डोळे उघडले तेव्हा त्याच्या तळहातावर एक शंकूच्या आकाराची लालभडक वस्तू होती, वर चकचकीत टोपी.

"एअर फिल्टर! शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसला. कागदबिगद नाही. धुवायचा, तेल चोळायचं, परत लावायचा. जन्मभर बदलायला नको. ते तुमचं पिंप टाका भंगारात!"

"अरे पण..."

"पणबिण नाही. मीच बसवतो."

आणि बसवलाच. पिंप अंगणात उतरलं, पाइप बाजूला झाला, आणि रबरी नळीच्या तोंडावर तो लाल शंकू थेट इंजिनाशेजारी विराजमान झाला. थोरली चालू केली तर घशातून असा हुंकार निघाला, की शेजारच्या घरातलं बाळ झोपेतून दचकून रडायला लागलं.

"आवाज बघा, आवाज!" बारक्या लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. "ताई, ऐकलंस का?"

"मी काय, अख्ख्या गल्लीने ऐकलं," ताई म्हणाली.

फडके हसले. त्या हसण्यात फक्त दात होते.

दुसऱ्या दिवशी ते लाल फिल्टर घेऊनच क्रशरवर गेले. क्रशर म्हणजे दगडांचा जबडा. सकाळपासून जो कडकड चावायला लागतो तो संध्याकाळपर्यंत, आणि भोवती सगळं पांढरं. झाडं पांढरी, कुत्री पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या. संध्याकाळी घरी येऊन फडक्यांनी फिल्टरच्या पुढची नळी सोडवली, बोट स्वच्छ पुसलं आणि आत फिरवलं. बोट पिठात बुडवल्यासारखं बाहेर आलं.

फिल्टरच्या मागे धूळ असणं ठीक. फिल्टरच्या पुढे धूळ म्हणजे घरात चोर. दगडाची पूड इंजिनात शिरून तेलात कालवली गेली, की तिचा पॉलिश पेपर होतो आणि आतला पिस्टन रोज घासत घासत झिजतो. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला तो लाल शंकू शोभेल एक वेळ. थोरलीच्या बाबतीत मात्र नाकापेक्षा मोती जड, त्यातून मोत्याला भोकंच भोकं.

बरं, काढून टाकावा, तर बारक्या दर रविवारी येणार. आल्या आल्या बहिणीला हाक मारायच्या आधी बॉनेट उघडून आपल्या भेटीकडे डोळे भरून बघणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी फडक्यांची गत झाली.

शेवटी त्यांनी मार्ग काढला. सोमवारी सकाळी लाल शंकू काढायचा, जुनं पिंप जोडायचं आणि शंकू पलंगाखाली सरकवायचा. रविवारी सकाळी पिंप काढायचं, शंकू लावायचा, आणि पिंप पलंगाखाली. पलंगाखालचा पाहुणा तेवढा आलटून पालटून बदलायचा. बायकोला यातलं काही कळत नाही अशी त्यांची समजूत होती. पोटाशी पिंप धरून ते ओसरीतून आत जायचे, आणि ती डोळे न उचलता भाजी निवडत म्हणायची, "काय हो, पोट सुटलंय वाटतं तुमचं." ते म्हणायचे, "वय झालं."

एकदा बारक्या मधेच, कामाच्या दिवशी उगवला. फडके नुकतेच क्रशरवरून आले होते. गाडीत अर्थातच पिंप. बारक्या बॉनेटकडे निघाला आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे फडके आडवे आले.

"बॉनेट अडकलंय."

"अडकलंय? थांबा, पाना आणतो."

"नको नको! हात भाजेल. फार तापलंय."

"तापलंय तर उघडायलाच हवं, भाऊजी. वाफ तरी जाईल."

तो पाना आणायला वळतोय तोच आतून हाक आली, "बारक्या, आधी इकडे ये. कपाट सरकवायचंय. तुझ्या भाऊजींच्याने होत नाही, त्यांचं पोट सुटलंय."

कपाट सरकलं. मग ते तिथे बरं दिसेना, म्हणून परत जागच्या जागी आलं. तोवर अंधार पडला आणि बारक्या घरी गेला. बायकोने मदत केली की योगायोग घडला, हे विचारायची फडक्यांची छाती झाली नाही.

पण लपवाछपवीची किंमत दुसऱ्याच कुणी मोजत होतं. जे पिंप महिनोन् महिने उघडायचं नाही असा नियम होता, ते दर आठवड्याला उतरत होतं आणि परत चढत होतं. नळीवरचा पट्टा सततच्या पिळापिळीने सैल पडला. पिंपाच्या झाकणाखालचं रबर चेपून पापडासारखं झालं. आणि एका संध्याकाळी, गाडीला जुनंच, खात्रीचं पिंप लावलेलं असताना फडक्यांनी सहज नळीत बोट फिरवलं, तर बोट पुन्हा पांढरं.

चोर बाहेरचा नव्हता. मेहुण्याचं मन जपता जपता आपणच आपल्या हाताने थोरलीच्या घशात धूळ कोंबली होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून, जुना फिल्टर कागदात गुंडाळून ते पार्टवाल्या काकूंच्या दुकानी गेले. काकूंचं दुकान म्हणजे एक लांबुळकी अंधारी खोली. छतापर्यंत खोकी, आणि उंच स्टुलावर काकू. नवऱ्याच्या मागे दुकान त्यांनीच चालवलं होतं. जीभ अशी, की गंजलेला बोल्टही नुसत्या बोलण्याने सुटावा.

फडके दुकानात शिरले आणि जागीच खिळले. गल्ल्यापाशी पाठमोरा, चौकटीएवढा रुंद माणूस काकूंना विचारत होता, "त्या लाल फिल्टरला धुवायचं औषध आणि चोळायचं तेल मिळेल का? भाऊजींना द्यायचंय. ते स्वतःहून कधी मागायचे नाहीत."

फडक्यांनी मागच्या पावली निघायचं ठरवलं, पण काकूंची नजर चुकवणं कुणाला जमलंय?

"या फडके! थोरलीचा फिल्टर बदलायचा का? किती दिवसांनी आणलात!"

बारक्या वळला. भाऊजींच्या काखेत, तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला, कागदातून डोकं काढलेला, जुना, मळका, ओळखीचा फिल्टर.

"हा तर... भंगारात दिला होता ना?"

फडक्यांनी फिल्टर दुसऱ्या काखेत सरकवला. काकूंनी एकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. शेवटी फडक्यांनी सगळं सांगून टाकलं. पांढरं बोट, पलंग, सोमवार, रविवार, आणि न अडकलेलं बॉनेट.

काकूंना हसू आवरेना, स्टूल डगमगायला लागलं. बारक्या मात्र हसला नाही. त्याचा एवढा मोठा चेहरा हळूहळू लहान होत गेला.

"हॉर्न?" त्याने विचारलं.

"हॉर्न... जरा मोठा वाजतो."

"सीट कव्हर?"

फडक्यांनी खांद्यावरच्या फडक्याने मान पुसली. बारक्याने औषधाची बाटली गल्ल्यावर ठेवली आणि मान वाकवून दाराबाहेर पडला.

"जाऊ द्या," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "रुसलेला माणूस आणि गरम सायलेन्सर, दोघांना लगेच हात लावू नये. आधी फिल्टर बघू."

त्यांनी दोन खोकी काढली. एक स्वस्त, एक जरा महाग. फडक्यांनी जुना फिल्टर दोघांशेजारी उभा केला. उंची सारखी, घेर सारखा, आतलं भोकही सारखं. पण स्वस्तातल्याच्या घड्या कुठे दाट, कुठे विरळ, बोटाने दाबल्या की लवत होत्या, आणि कडेचं रबर लाकडासारखं टणक. काकूंनी लांब वायरीचा बल्ब त्याच्या पोटात सोडला आणि दुकानाचा दिवा मालवला. कागदाच्या जोडावर एक बारीक ठिपका चमकला.

"चांदणी," काकू म्हणाल्या. "दिसायला छान. इथूनच धूळ तुमच्या इंजिनात जाणार."

दुसऱ्या फिल्टरमध्ये बल्ब सोडला, तर नुसता मंद, सारखा उजेड. फडक्यांनी तो घेतला, झाकणाचं नवं रबर, नळी आणि पट्टेही घेतले, आणि घरी येऊन सगळं नीट बसवलं. बसवण्याआधी पिंप आतून ओल्या कपड्याने पुसलं. कोरड्याने पुसलं तर धूळ उडून परत आतच बसते.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पलंगाखालचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. झाडू तुम्ही मारता की मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी, दोन शहाणे किती दिवस खेळतात." मग तिने पदराला हात पुसले. "तुम्हाला त्याची भीती वाटते का हो?"

"त्याची नाही गं. तोंड पाडतो ना, त्याची."

"लग्नानंतर सुट्टीत यायचा तो, आठवतं? कुणाला वाटायचं, ताईकडे येतोय. तो यायचा तुमच्या गाडीत बसायला. तुम्ही त्याला इंजिनाच्या झाकणावर गादी घालून द्यायचात आणि दिवसभर गावोगाव फिरवायचात. घरी आला की आठवडाभर 'भाऊजी असे ब्रेक दाबतात, भाऊजी असे वळतात.' एवढ्यासाठीच आणतो तो काहीबाही. त्याला थोरलीत थोडी जागा हवी असते."

सकाळी उठून फडके थेट बारक्याच्या गोदामावर गेले. बारक्या स्पीकरांच्या भिंतीआड वायरी गुंडाळत बसला होता. वर बघेना.

"बारक्या, चल."

"कुठे?"

"क्रशरवर. तुझा फिल्टर आणलाय. तू स्वतः बघ. चांगला निघाला तर ठेवतो, तुझी शपथ."

बारक्या आला, तोही पांढराशुभ्र शर्ट घालून, गाल फुगवून. पहिली खेप लाल शंकूवर झाली. थोरली डरकाळ्या फोडत निघाली, आणि बारक्याचे गाल थोडे उतरले, कारण आवाज खरोखरच झकास होता. पण क्रशरच्या तोंडाशी गाडी भरत असताना वारा फिरला आणि पुढचं काही दिसेना. बारक्या खोकला, शिंकला, रुमालात नाक शिंकरलं आणि रुमालाकडे पाहून म्हणाला, "भाऊजी, सिमेंट निघतंय."

"रोजचं आहे."

खेप टाकून आल्यावर फडक्यांनी इंजिन बंद केलं, नळी सोडवली. "घाल बोट."

बारक्याने बोट घातलं. मग नळी स्वच्छ पुसली, सोबत आणलेलं पिंप आणि पाइप जोडले, आणि दुसरी खेप केली. पुन्हा बोट. पहिलं बोट पांढरं, दुसरं घातलं होतं तसंच स्वच्छ. दोन्ही बोटं त्याने भाऊजींसमोर धरली.

"आणि हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलं नाही?"

"तू टाळ्या वाजवत होतास रे."

"भाऊजी, मी टाळ्या वाजवतोय म्हणून तुम्ही गाडीचा जीव घ्यायला निघालात?" बारक्या ओरडला, आणि ओरडता ओरडता फिस्सकन हसला. मग फडकेही हसले. धुळीने माखलेले दोन घोडे पोट धरून हसताहेत, हे पाहून क्रशरवाल्याला वाटलं, यांना ऊन लागलं.

लाल शंकू बारक्याने परत नेला आणि आपल्या छोट्या टेम्पोला लावला. टेम्पो गावातल्या डांबरी रस्त्यावरच फिरतो, तिथे त्याचं छान चाललंय. केसाळ कव्हर त्याने मागितलं नाही, पण एक दिवस फडक्यांनी ते घडी करून त्याच्या हातात दिलं, आणि त्याने निमूट घेतलं. हॉर्नवर मात्र तो अडून बसला. तडजोड म्हणून सातातले सहा सूर तोडले.

महिनाभराने तो पुन्हा खोकं घेऊन आला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "झालं! आता काय?"

"आधी काकूंना विचारलंय," बारक्या घाईघाईने म्हणाला. "त्या हो म्हणाल्या, तेव्हाच घेतलं."

खोक्यात काचेची बोटभर नळकांडी होती. ती पिंप आणि इंजिनाच्या मधल्या नळीवर बसवायची. फिल्टर खरोखर तुंबला आणि इंजिनाला हवा ओढायला जोर पडायला लागला, की काचेत लाल पट्टी वर सरकते. तोवर पिंपाला हात लावायचा नाही.

फडक्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. काच बोटाने पुसली, पुन्हा उजेडात धरली. बारक्याची मान पुन्हा जरा खाली जायला लागली.

"आवडलं नसेल तर आत्ताच सांगा."

"बारक्या," फडके म्हणाले, "हे मी स्वतःहून घेतलं असतं रे. असं काही मिळतं हेच मला माहीत नव्हतं."

त्या दिवसापासून बारक्याचा रोज फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ प्रश्न: "लाल झालं का?" कधी फोन बायको उचलायची. "नाही रे बाबा, अजून हिरवंच आहे. पिकलं की कळवते."

पिकायला बराच काळ गेला. एका सकाळी फडक्यांनी काचेत डोकावून पाहिलं, तर लाल पट्टी ठणठणीत वर. नवा फिल्टर घरात आणून ठेवलेला होता, पाने हाताशी होते. पण फडक्यांनी क्रशरवर फोन करून सांगितलं, आज पहिली खेप नाही, आणि ते पायरीवर बसून राहिले.

बायको बाहेर आली. "बदलत का नाही? दहा मिनिटांचं काम."

"तो येतोय."

बारक्या आला तो धावतपळत, अर्धवट घडी घातलेल्या बाह्यांनी. पट्टी स्वतः पाहिली, मान डोलावली, झाकण उघडलं, जुना फिल्टर हळूच, आतली धूळ हलू न देता बाहेर काढला. फडके शेजारी उभे राहून फक्त सांगत होते, "कड आधी. हां. आता रबर चाचपून बघ. सगळीकडून बसलं का?"

"बसलं."

"मग आवळ. फार नको."

थोरली चालू झाली. काचेतली पट्टी दाबून खाली बसवली, ती तिथेच राहिली. बारक्याने हात धुतले आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मला आज दुपारपर्यंत काम नाही," तो इकडेतिकडे बघत म्हणाला.

"मग बस की," फडके म्हणाले, आणि पलीकडचं दार आतून ढकलून उघडलं.